शॉवरचं पाणी बाथरूममध्ये तुंबतंय? टाइल निवडायच्या आधी जाळीची लेव्हल ठरवा

आमचा फ्लॅट नाशिकला, पाथर्डी फाट्याला, दुसऱ्या मजल्यावर. बाथरूम पहिल्यांदा नवीन केलं तेव्हा आमचं सगळं लक्ष टाइलच्या रंगात, शॉवरच्या साइजमध्ये आणि काचेच्या पार्टिशनमध्ये होतं, पाणी कुठून कसं जाणार हा प्रश्न आम्ही कुणी विचारलाच नाही आणि ज्यांनी काम केलं त्यांनीही तो काढला नाही. काम संपल्यावर आठ दिवसांत कळलं की शॉवरखाली उभं राहिलं की पाच मिनिटांत घोट्याच्या खालपर्यंत पाणी साचतंय आणि अंघोळ झाल्यावर कमोडच्या बाजूला अर्धा तास तसंच पडून राहतंय. त्याच पाण्यात सासूबाईंचा पाय घसरला, मनगट फ्रॅक्चर, दीड महिना प्लास्टर. मग परत तोडफोड केली, या वेळी मी रोज कामावर उभी राहिले, मिस्त्री काकांना प्रत्येक गोष्ट विचारली, आणि तेव्हा जे शिकले ते इथे सविस्तर लिहितेय कारण हे काम दुसऱ्यांदा करायची वेळ कुणावर यायला नको.

सगळ्यात आधी, पाणी तुंबतंय म्हणजे नेमकं कुठे अडतंय ते शोधा. जागा चारच असतात. फरशीचा ढाळ (उतार), जाळी आणि तिच्याखालचा नहाणी ट्रॅप (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं), ट्रॅपपासून बाहेर जाणारी पाइप, आणि बाहेरची उभी लाइन किंवा चेंबर. या चारपैकी कुठला दोष आहे हे न बघताच लोक टाइल फोडायला घेतात, आणि कधीकधी नुसती केसांची गुंडाळी काढून काम झालं असतं असं नंतर कळतं.

पहिली टेस्ट. जाळी उचला, आत कप किंवा वाटीसारखं काही असेल तर तेही काढा, आणि २० लिटरची बादली थेट ट्रॅपच्या तोंडात एकसारख्या धारेने ओता, एकदम उपडी करू नका कारण एकदम ओतली तर चांगल्या लाइनमध्ये पण पाणी क्षणभर वर येतं. पाणी भोवरा करत सरळ निघून गेलं तर तुमची पाइप ठीक आहे, दोष ढाळात किंवा जाळीत आहे. पाणी वर चढलं आणि हळूहळू उतरलं तर दोष खाली आहे, मग टाइल बदलून काही उपयोग होणार नाही.

दुसरी टेस्ट. जाळी परत लावा, शॉवर पाच मिनिटं सोडा, बंद करा आणि पंधरा मिनिटांनी या. जिथे जिथे पाणी साचलेलं दिसेल त्याच्याभोवती खडूने रेघ मारा आणि शाळेची प्लास्टिकची पट्टी उभी धरून खोली मोजा. फोटो काढून ठेवा, मिस्त्रीला दाखवायला हा फोटो फार कामाला येतो, कारण "ताई, एवढं थोडं पाणी राहतंच" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच आहे. टाइलवर ओलावा राहणं वेगळं आणि चार-पाच मिलिमीटर पाणी साचणं वेगळं. आणि एक नीट बघा, डबकं जाळीच्या अगदी कडेला आहे का. तसं असेल तर जाळी आजूबाजूच्या टाइलपेक्षा वर बसलीय, आणि हा दोष मला ओळखीच्या चार-पाच घरांत तरी सापडलाय, म्हणजे ढाळ बरोबर पण शेवटच्या दोन इंचांत सगळं घालवलेलं.

तिसरी टेस्ट सोपी आहे. बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा, वॉशिंग मशीन बाथरूमच्या लाइनला जोडलेलं असेल तर तेही ड्रेनवर टाका, आणि जाळीकडे बघत राहा. गुडगुड आवाज येऊन बुडबुडे किंवा फेस वर आला म्हणजे बहुतेक बेसिन, मशीन आणि शॉवर सगळं एकाच ट्रॅपवर टाकलंय आणि पुढची पाइप तेवढा लोड घेत नाहीये. मशीन पंपाने पाणी फेकतं, ते नुसत्या उताराने जाणाऱ्या पाण्यापेक्षा जोरात येतं, म्हणून जमलं तर मशीनला वेगळा ट्रॅप द्या.

तळमजला असेल, रो-हाऊस असेल किंवा सिडकोतलं जुनं बैठं घर असेल तर चौथी टेस्ट आधी करा, बाहेर जाऊन गल्ली ट्रॅपची (घराबाहेर सांडपाणी जिथे पडतं त्या खड्ड्याची) जाळी आणि चेंबरचं झाकण उघडा. पाला, प्लास्टिक, भांडी घासायच्या काथ्याचे तुकडे, आणि जवळ झाड असेल तर मुळं. झाडाची मुळं जॉइंटच्या बारीक फटीतून आत शिरतात आणि आत त्यांचं जाळं होतं, त्यात सगळं अडकत जातं. असं असेल तर बाथरूममध्ये एकही टाइल फोडू नका, चेंबरपासूनची लाइन साफ करून घ्या.

आता साफसफाईचं, कारण निम्म्या घरांचं काम इथेच संपेल. ट्रॅपमध्ये केस, साबणाचा पांढरा थर आणि तेल हे तिन्ही मिळून घट्ट गोळा बनतो. आपल्याकडे दिवाळीत चार दिवस अभ्यंगस्नान, अंगाला तेल, वर उटणं, आणि ते बारीक उटणं पाण्यात विरघळत नाही, ते तेलासोबत ट्रॅपच्या तळाशी जाऊन बसतं. त्याच्यानंतर लगेच थंडी. खोबरेल तेल साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठतं, नाशिकच्या थंडीत बाटलीतलं तेल आपण गिझरच्या पाण्यात ठेवून पातळ करतो ना, तेच तेल पाइपमध्येही गोठतं आणि म्हणून खूप घरांत "उन्हाळ्यात पाणी बरं जातं, डिसेंबर-जानेवारीत तुंबतं" अशी तक्रार असते. त्यात बोअरचं पाणी वापरत असाल तर आणखी एक भर. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट चोथा होतो आणि तो पाइपला आतून धरतो. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी वापरणाऱ्यांपेक्षा बोअरवाल्यांना ट्रॅप जास्त वेळा साफ करावा लागतो हे मी आमच्याच दोन बिल्डिंगमध्ये बघितलंय.

साफ करताना हातमोजे घाला, केस हाताने किंवा वाकवलेल्या तारेने ओढून काढा, मग भांडी घासायचं लिक्विड टाकून गिझरचं गरम पाणी ओता. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसी पाइप आणि तिचे जॉइंट उकळत्या पाण्याने नरम पडतात. अॅसिडबद्दल हात जोडून सांगते, ते सारखं सारखं वापरू नका, कारण ते क्षार काढतं तसं टाइलच्या सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट पण खातं आणि मग त्याच फटीतून पाणी खाली उतरायला लागतं. आणि अॅसिड टाकल्यावर त्याच्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवालं क्लीनर कधीही टाकू नका, क्लोरीन गॅस तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

साफ करूनही पाणी हळू जातंय तर जाळी बघा. दिसायला सुंदर जाळ्या मिळतात, बारीक भोकांच्या, मध्ये डिझाइन, त्यात पाणी जायला उघडी जागाच कमी. शिवाय झुरळं येऊ नयेत म्हणून आत कप असलेली जाळी असते, त्या कपाभोवती केस गुंडाळले की निम्मी वाट बंद. किती पाणी येतंय ते मोजायची सोपी पद्धत सांगते, शॉवरखाली २० लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर टाइम लावा. दीड मिनिटात भरली तर मिनिटाला साधारण १३ लिटर पाणी पडतंय. आता तेवढंच पाणी जाळी लावलेल्या ट्रॅपवर ओतून बघा, दीड मिनिटात ती सगळी बादली न साचता जायला हवी. प्रेशर पंप आणि मोठा रेन शॉवर लावणार असाल तर पाणी याच्यापेक्षा जास्त येईल, म्हणून शॉवर आधी ठरवा आणि त्याच्या हिशोबाने जाळी घ्या. कपवाला अडथळा काढायचा असेल तर आधी खात्री करा की खाली पाणी धरून ठेवणारा खरा ट्रॅप आहे, त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं आणि तेच गटारीचा वास आणि किडे अडवतं. काही जुन्या बाथरूममध्ये खाली नुसताच एल्बो (वळणाचा जोड) असतो, तिथे तो कप काढला की घरभर वास.

हे सगळं ठीक असूनही पाणी साचतंय म्हणजे ढाळ चुकलाय. आमचं हेच होतं.

ढाळाचा हिशोब अवघड नाही, पण तो तोंडी ठेवू नका, कागदावर काढा. शॉवरच्या ओल्या भागात एका फुटाला पाव इंच उतार धरायचा, मीटरमध्ये सांगायचं तर मीटरला २ सेंटिमीटर. कोरड्या भागात, म्हणजे बेसिन-कमोडच्या बाजूला, मीटरला १ सेंटिमीटर चालतं. याच्यापेक्षा कमी दिलं तर टाइलच्या किरकोळ उंचसखलपणातच पाणी अडकतं, आणि फार जास्त दिलं तर पायाला तिरपं लागतं, म्हाताऱ्या माणसांना उभं राहायला भीती वाटते आणि प्लास्टिकचा स्टूल डुगडुगतो. आता समजा दारापासून जाळी ६ फुटांवर आहे आणि सगळा भाग ओलाच धरलाय. ६ फूट गुणिले पाव इंच म्हणजे दीड इंच. दाराबाहेरच्या फरशीपासून बाथरूमची फरशी दाराशीच पाऊण इंच खाली हवी, म्हणजे पाणी बेडरूममध्ये येत नाही. दोन्ही मिळून सव्वादोन इंच. म्हणजे तुमच्या जाळीचं तोंड बाहेरच्या फरशीपेक्षा सव्वादोन इंच खाली पाहिजे, आणि ट्रॅपची पाइप त्याच्याही खाली, टाइलची जाडी, अॅडहेसिव्ह आणि कोबा (टाइलखालचा सिमेंट-वाळूचा थर) एवढी जागा सोडून.

आमच्याकडे पहिल्या वेळी जुन्या टाइलवरच नवीन टाइल चिकटवली होती. धूळ कमी, डेब्रिज नाही, चार दिवसांत काम, सगळ्यांना आवडतं. पण टाइलवर टाइल लावली की फरशी टाइल आणि अॅडहेसिव्ह मिळून अर्ध्या इंचाने सहज वर येते, दारातला उंबरा तेवढाच बुटका होतो, जुन्या फरशीचा चुकलेला ढाळ नवीन फरशीला जसाच्या तसा येतो, आणि अॅडहेसिव्हच्या पातळ थरात कुणी ढाळ करून देऊ शकत नाही कारण तो थर काही मिलिमीटरचाच असतो. ढाळ खालच्या कोब्यात बनतो. हे वाक्य मला मिस्त्री काकांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "ताई, टाइल म्हणजे फक्त कापड, अंगाचा आकार कोब्याचा." आधी कळस मग पाया असं काम आमच्याकडे झालं होतं, टाइल आधी ठरली आणि लेव्हल नंतर. म्हणून पाणी जर खरंच साचत असेल तर टाइलवर टाइल अजिबात करू नका, कितीही स्वस्त पडत असली तरी.

जाळी कुठे हवी हा पुढचा प्रश्न, आणि तो टाइलच्या साइजशी बांधलेला आहे, हे दुकानात कुणी सांगत नाही. जाळी शॉवरच्या मधोमध असेल तर चारी बाजूंनी उतार लागतो, आणि मोठी टाइल वाकत नाही. २ बाय २ किंवा २ बाय ४ फुटांची टाइल चारी बाजूंच्या ढाळावर ठेवली की एक कोपरा उचलला जातो, तिथे पायाला ठेच आणि खाली डबकं. तर मग तीन मार्ग आहेत. एक, शॉवरच्या भागात १ बाय १ फुटाची किंवा त्याहून लहान टाइल घ्या, बाकीच्या भागात हवी ती. दोन, मोठीच टाइल हवी तर जाळीपासून कोपऱ्यांकडे तिरके कट मारून चार त्रिकोण करा, पाकिटाच्या मागच्या बाजूसारखे, कट साफ मारणारा कारागीर असेल तरच. तीन, भिंतीला लागून लांब पट्टीसारखा चॅनल ड्रेन टाका, म्हणजे सगळी फरशी एकाच बाजूला उतरते आणि मोठी टाइल एका सपाट उतारावर नीट बसते. आम्ही तिसरा घेतला. चॅनल शॉवरच्या समोरच्या भिंतीला लावलाय, दारापासून सगळ्यात लांब. चॅनल घेताना वरची पट्टी उचलून आत हात घालता येतो का ते दुकानातच बघा, साफ करता येत नसेल तर तो घेऊ नका. टाइल शॉवरमध्ये मॅट किंवा अँटी-स्किडच, याच्यावर मी कुणाचं ऐकत नाही.

जाळीची जागा बदलता येईल का हे तुमच्या स्लॅबवर अवलंबून आहे. बाथरूमचा स्लॅब संकन असेल, म्हणजे बाकीच्या घराच्या स्लॅबपेक्षा खाली असेल, तर पाइप त्या खड्ड्यातूनच फिरवता येते, म्हणजे तुमच्याच घरात. स्लॅब सरळ असेल तर ट्रॅप स्लॅबमधून खाली निघतो आणि पाइप खालच्या घराच्या बाथरूमच्या छताला लटकलेली असते, तिथे जागा बदलायची म्हणजे त्यांच्या घरात काम, आणि स्लॅबला नवीन भोक, जे इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाडूच नये. अशा वेळी ट्रॅप आहे तिथेच ठेवून ढाळ त्याच्याकडे वळवा. तोडायच्या आधी सोसायटीला अर्ज द्या आणि खालच्या घरी स्वतः जाऊन सांगा. आम्ही खालच्या वहिनींना आधीच बोलावून त्यांच्या छताचे फोटो त्यांच्यासमोर काढले, त्यामुळे नंतर जुना डाग की नवीन डाग असा वाद झाला नाही.

तोडताना ब्रेकर मशीन फक्त वरच्या टाइल आणि कोब्यापुरतं, स्लॅब आणि पाइपजवळ छिन्नी-हातोडा. ट्रॅपच्या तोंडात आधी गोणपाटाचा बोळा घट्ट बसवा, नाहीतर डेब्रिजचे तुकडे पाइपमध्ये जातात आणि नवीन बाथरूम पहिल्या दिवसापासून तुंबतं, हे मी दुसऱ्याच्या घरी बघितलंय. संकन भागातला जुना भराव ओला निघाला तर घाबरू नका पण तो परत भरू नका, पूर्ण बाहेर काढा, खाली स्लॅब कोरडा होऊ द्या. आमच्याकडे विटांचे तुकडे अक्षरशः पाण्यात होते, वरून टाइल चकाचक.

पाइपमध्ये काटकसर करू नका. सांडपाण्याला एसडब्ल्यूआर (सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीच्या पीव्हीसी) पाइपमधली बी टाइप घ्यायची, ए टाइप पातळ असते, ती पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला (हवा जायच्या पाइपला) चालते. ट्रॅपपासून निघणारी पाइप ७५ मिलिमीटरची, तिला पण मीटरला २ सेंटिमीटरच्या आसपास उतार, म्हणजे ६ फुटांची पाइप असेल तर दीड इंच. जिथे वळण आहे तिथे एकदम काटकोनातला एल्बो लावण्यापेक्षा ४५ डिग्रीचे दोन बेंड लावा, पाणी आणि केस दोन्ही सरकतात, आणि कधी तार घालावी लागली तर ती पण वळते. पाइपखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा आधार द्या, नुसती भरावावर ठेवली की काही दिवसांनी मध्ये झोल पडतो आणि त्या झोलात कायम पाणी आणि गाळ. जोडणी झाल्यावर कोबा टाकायच्या आधी परत ती बादलीची टेस्ट, आणि एकेका जॉइंटला कोरडा टिश्यू पेपर लावून बघा, ओला झाला तर जॉइंट परत करायचा.

रो-हाऊसवाल्यांना एक कळकळीची विनंती. चेंबरपर्यंत पाइप न्यायला लांब पडतं म्हणून काही जण बाथरूमची लाइन बाहेरच्या पावसाळी गटारात सोडतात. ते पाणी प्रक्रिया न होता नाल्यात जातं, नासर्डी नदीत जातं, आणि तिथून गोदावरीत. रामकुंडावर आपण ज्या पाण्यात हात घालतो तीच ही नदी आहे. थोडी जास्त पाइप लागली तर लागू द्या, ड्रेनेजच्या चेंबरलाच जोडा.

मग वॉटरप्रूफिंग. टाइल आणि कोबा फोडला म्हणजे जुनं वॉटरप्रूफिंग संपलं असंच धरायचं. स्लॅब घासून धुवा, भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई काढा, पाइप जिथे भिंतीतून किंवा स्लॅबमधून जाते तिथे आकसणार नाही असं ग्राउट भरा, गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. त्यावर सिमेंट-पॉलिमरचं दोन घटकांचं कोटिंग, डॉ. फिक्सिट म्हणा किंवा दुसऱ्या कुठल्या चांगल्या कंपनीचं, दोन हात, पहिला आडवा सुकला की दुसरा उभा. फरशीवर पूर्ण, भिंतीवर फूटभर, आणि शॉवरच्या भिंतींवर डोक्याच्या उंचीपर्यंत. ट्रॅपच्या कॉलरपर्यंत (तोंडाच्या कडेपर्यंत) कोटिंग नीट चढलंय ना ते वाकून बघा. हे सुकलं की ट्रॅपचं तोंड पाणी झिरपणार नाही असं बंद करून दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने लेव्हलची खूण करा, ४८ तास ठेवा. दोन दिवसांनी पाणी केसभर कमी झालं तर ठीक, बोटभर कमी झालं तर कुठेतरी जातंय. या ४८ तासांत वहिनींकडे सकाळ-संध्याकाळ जाऊन छत बघितलं. मिस्त्री लोकांना घाई असते, एका रात्रीत पाणी काढू म्हणतात. काढू देऊ नका.

आता कोबा, आणि माझ्या मते पूर्ण कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच, त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाका पण घरी थांबा. आधी जाळी किंवा चॅनल ठरलेल्या उंचीवर बसवून घट्ट करायचा, नंतर बाकी सगळं. लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, हिने चारी भिंतींवर एकाच उंचीची रेघ मारायची. मग त्या रेघेपासून खाली मोजत जायचं, दारात एवढं, कोपऱ्यात एवढं, जाळीशी एवढं, आणि त्या त्या ठिकाणी मसाल्याचे ठिय्ये (त्या उंचीचे छोटे गोळे) मारायचे. ठिय्ये सुकले की त्यांच्यावरून दोरी धरून किंवा सरळ पट्टी फिरवून मधला कोबा ओढायचा. जाळीच्या कडेला कोबा एवढा खाली ठेवा की टाइल बसल्यावर जाळी टाइलपेक्षा दोन मिलिमीटर खालीच राहील. वर कधीच नाही. सगळ्या लांबच्या कोपऱ्यांतून जाळीपर्यंत लेव्हल बॉटल (आत बुडबुडा असलेली लेव्हलची पट्टी) ठेवून बघा, मधे कुठे पोट आलंय का, कुठे खड्डा आहे का.

कोबा दुसऱ्या दिवशी घट्ट झाला की बादलीभर पाणी लांबच्या कोपऱ्यातून ओता आणि बाजूला उभं राहून फक्त बघा. आमच्याकडे कमोडच्या मागे ताटाएवढं डबकं राहिलं. मिस्त्री काका म्हणाले टाइलमध्ये काढून घेतो, मी म्हटलं काका, मागच्या वेळी पण हेच ऐकलं होतं, आत्ताच करू. त्यांनी काही न बोलता तेवढा भाग खरवडला, परत मसाला टाकला, दुसऱ्या दिवशी परत पाणी ओतलं, गेलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. टाइल लागल्यावर हेच काम आठवड्याचं झालं असतं. कोब्याला सात दिवस पाणी मारा, एप्रिल-मेमध्ये काम काढलं असेल तर ओलं गोणपाट टाकून ठेवा कारण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत वरचा थर पटकन सुकतो आणि बारीक तडे जातात.

टाइल लावताना फार सांगण्यासारखं नाही. अॅडहेसिव्ह पूर्ण टाइलला लागलं पाहिजे, चार कोपऱ्यांत ठिपके देऊन नाही, पोकळ जागेत पाणी भरतं आणि टाइल ठोकली की डबडब वाजते. टाइल जाळीपासून लावायला सुरुवात करा आणि दाराकडे या, म्हणजे जो काही तुकडा कापायचा तो दाराशी येतो, जाळीशी नाही. दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवा आणि शॉवरच्या भागात एपॉक्सी ग्राउट भरा, महाग आहे पण पाणी पीत नाही. ग्राउट भरताना जाळीवर टेप लावा.

काचेच्या पार्टिशनखाली ग्रॅनाइटची पट्टी लावतात, त्यात एक घोळ होतो. पट्टीने शॉवरचं पाणी आत राहतं खरं, पण बाहेरच्या कोरड्या बाजूला सांडलेलं पाणी पण बाहेरच अडतं, त्याला वाट नाही. एकतर त्या बाजूला दुसरी छोटी जाळी द्या, नाहीतर पट्टी टाळून तो भाग हलक्या उताराने शॉवरकडे घ्या. घरात वयस्कर माणूस असेल तर पट्टी नकोच, ठेच लागते. आमच्याकडे आता पट्टी नाही, ढाळ सरळ आत जातो, आणि सासूबाई भिंतीच्या हँडलला धरून एकट्या अंघोळ करतात.

सगळं फोडायची तयारी नसेल, भाड्याचं घर असेल, तर एक मधला मार्ग आहे. डबकं फक्त जाळीच्या आसपास असेल तर जाळीभोवतीच्या चार-सहा टाइल काढून तेवढाच भाग खाली घेता येतो, जाळी बदलून खाली बसवता येते. तिथलं वॉटरप्रूफिंग जोडून घ्यायचं आणि परत पाणी भरून बघायचं. डबकं लांबच्या कोपऱ्यात असेल तर मात्र याने काही होत नाही, तिथे वायपर हाच उपाय, पूर्ण काम काढेपर्यंत.

काम झाल्यावर महिन्यातून एकदा जाळी उचलून केस काढा, दिवाळीच्या चार दिवसांत रोज अंघोळीनंतर दोन बादल्या गिझरचं गरम पाणी सोडा आणि उटणं लावायच्या आधी जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा ठेवा. मे महिन्यात गावाला जाणार असाल तर परत आल्यावर आधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, ट्रॅपमधलं पाणी उडून गेलेलं असतं म्हणून वास येतो. आणि एक काम मिस्त्री पाइप बुजवायच्या आधीच करा, उघड्या पाइपचे फोटो मेझरिंग टेप बाजूला ठेवून काढा, दारापासून किती, भिंतीपासून किती, जॉइंट कुठे, आणि ते घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये पाठवून ठेवा. उरलेल्या चार टाइल आणि एपॉक्सीच्या रंगाचा नंबर पण जपून ठेवा, आमच्या टाइल गच्चीच्या जिन्याखाली पेपरमध्ये गुंडाळून ठेवल्यात आणि नंबर त्या पेपरवरच लिहिलाय.